अणू जुना होत नाही

मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी असणाऱ्या कपाटांपैकी काहींत ॲल्युमिनियमची एक डबी बसवलेली असायची. लांबी तेरा सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी साडेनऊ, उंची चारच्या आत, वजन साधारण अर्धा किलो. वर लेबल ‘एफ्राटॉम एलपीआरओ-१०१’. एका बाजूने २४ व्होल्ट द्यायचे, दुसऱ्या बाजूने १० मेगाहर्ट्झची साइन लहर घ्यायची, एवढाच तिचा व्यवहार. नेटवर्कच्या पिढ्या बदलल्या, जुनी कपाटं निघाली आणि ह्या डब्या भंगाराच्या वाटेवरून वळून जगभरच्या हौशी लोकांच्या टेबलांवर पोचल्या. त्यांच्या आधीच्या पिढीतली ह्यूलेट-पॅकार्डची ५०६५ए आणि ५०६१ए ही रॅकमध्ये बसणारी अवजड यंत्रंही प्रयोगशाळांच्या लिलावांतून अशीच बाहेर पडली. हे सगळे अणू-फ्रीक्वेन्सी स्टँडर्ड, म्हणजे अणूच्या आधाराने अचूक फ्रीक्वेन्सी देणारी यंत्रं: डबी आणि ५०६५ए रुबिडियमवर चालणारी, ५०६१ए सीझियमवर. ती पुन्हा चालू करणं आणि त्यांची फ्रीक्वेन्सी खरी किती आहे ते ठरवणं हा एक छंद आहे, आणि माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वांत समाधान देणारा.

समाधानाचं कारण एका गोष्टीत आहे. रुबिडियम-८७ च्या अणूत दोन अतिसूक्ष्म ऊर्जापातळ्यांमधलं अंतर ६,८३,४६,८२,६१०.९ हर्ट्झ इतकं आहे. ५०६५ए बाजारात आलं त्या १९६८ साली ते तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे, नारायणगावात आणि न्यूयॉर्कमध्ये एकच आहे. म्हाताऱ्या होतात त्या अणूच्या भोवतालच्या गोष्टी: दिव्याची काच, कपॅसिटर, क्रिस्टल, हीटरचा ट्रान्झिस्टर, चुंबकीय कवच. सगळी दुरुस्ती ह्या भोवतालच्या पसाऱ्याची असते. तो नीट लागला की आतला अणू कालच्यासारखाच उत्तर देतो.

सुरुवातीलाच एक भीती दूर करायला हवी, कारण ‘अणू’ म्हटलं की घरातले लोक बिचकतात. ह्यात किरणोत्सर्गाचा वापर नाही. रुबिडियम-८७ तांत्रिकदृष्ट्या किरणोत्सारी असलं तरी त्याचं अर्धायुष्य सुमारे ४९ अब्ज वर्षं आहे आणि डबीत ते कणभरच असतं. सीझियम यंत्रातलं सीझियम-१३३ पूर्णपणे स्थिर आहे. बातम्यांत येतं ते सीझियम-१३७ वेगळं. काळजी घ्यायची ती दोन्ही धातू पाण्याशी आणि हवेशी भडकून वागतात म्हणून. काच फोडायची नाही, एवढं पाळलं की पुरे.

आता रुबिडियमचं यंत्र आत काय करतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय दुरुस्तीत नुसतं चाचपडणं होतं. रेडिओ फ्रीक्वेन्सीने पेटवलेला रुबिडियमचा एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश रुबिडियमच्या वाफेने भरलेल्या काचेच्या कुपीतून जातो आणि पलीकडच्या फोटोडायोडवर पडतो. वाटेत रुबिडियम-८५ चा गाळणीसारखा उपयोग करून प्रकाशातली नको ती रेषा काढून टाकलेली असते, त्यामुळे उरलेला प्रकाश कुपीतल्या अणूंना एकाच पातळीत ढकलतो. अणू तिकडे साचले की कुपी पारदर्शक होते. मग कुपीभोवतीच्या पोकळीत बरोबर त्या फ्रीक्वेन्सीच्या मायक्रोवेव्ह सोडल्या की अणू परत खालच्या पातळीत येतात, पुन्हा प्रकाश शोषू लागतात आणि फोटोडायोडवरचा उजेड किंचित मंदावतो. हा मंदावा एक टक्क्याहूनही कमी असतो. सगळं यंत्र त्या इवल्याशा खळग्याच्या तळाशी टिकून राहण्यासाठी धडपडतं.

मायक्रोवेव्ह येतात क्रिस्टलमधून, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीने स्पंदणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यापासून. ५०६५ए मध्ये ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपासून ६० मेगाहर्ट्झ करतात, त्याचे ११४ पट म्हणजे ६,८४० मेगाहर्ट्झ, त्यातून ५.३१५ मेगाहर्ट्झ वजा, की झाले ६,८३४.६८५. ह्या लहरीला १३७ हर्ट्झने थोडं मागेपुढे झुलवतात. खळग्याच्या तळापासून एका बाजूला सरकलं की फोटोडायोडच्या सिग्नलमध्ये १३७ हर्ट्झ दिसतं आणि त्याची दिशा क्रिस्टलला कुठे ओढायचं ते सांगते. बरोबर तळाशी आलं की १३७ नाहीसं होतं आणि दुप्पट, २७४ हर्ट्झ उमटतं. म्हणून ह्या यंत्राच्या पुढच्या मीटरवर ‘सेकंड हार्मोनिक’ दाखवायची सोय दिली आहे. तिथे काटा चढला की अणू सापडला असं समजायचं.

वरच्या आकड्यांत एक विसंगती चाणाक्ष वाचकाला दिसली असेल. अणूची फ्रीक्वेन्सी ६,८३४.६८२६ मेगाहर्ट्झ, आणि यंत्र बसलंय ६,८३४.६८५ वर, सुमारे २,४०० हर्ट्झ वर. ही चूक नाही. कुपीत रुबिडियमसोबत बफर गॅस भरलेला असतो, नाहीतर अणू लगेच काचेवर आदळून आपली अवस्था हरवून बसतील. त्या गॅसच्या टकरींमुळे फ्रीक्वेन्सी सरकते, आणि किती सरकते ते कुपी भरताना गॅसचा दाब किती होता ह्यावर ठरतं. म्हणूनच रुबिडियम हे दुय्यम स्टँडर्ड आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाशी जुळवून घ्यावं लागणारं. अणू खरा असला तरी तो बाटलीत बंद आहे आणि प्रत्येक बाटलीचं दडपण निराळं. कारखान्यात हा फरक जुळवून देतात, पुढे वर्षानुवर्षं तो हळूहळू बदलत जातो. हवेतला हेलियम काचेतून झिरपत आत शिरतो हे त्याचं एक खरंखुरं कारण आहे. कॅलिब्रेशन लागतं ते ह्यासाठी.

जुनं युनिट हाती आलं की प्लगकडे धावू नये. आधी मल्टीमीटर. सप्लायच्या पिनांवर शॉर्ट आहे का ते पाहावं. जुने टँटॅलम कपॅसिटर मरताना बहुतेकदा शॉर्ट होऊनच मरतात. रॅकवाल्या यंत्रात मागचा व्होल्टेज सिलेक्टर ११५ वर आहे की २३० वर, ते डोळ्यांनी पाहावं, लेबलावर विश्वास ठेवू नये. एलपीआरओसारख्या डबीखाली हीटसिंक हवाच. दहा मिलिमीटर जाडीची, साधारण पंधरा बाय वीस सेंटिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट चांगली. बूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन, सगळे स्क्रू सारखे आवळायचे. डबी उघडी टेबलावर ठेवून तासभर चालवणं म्हणजे तिचं आयुष्य जाळणं.

मग बेंच सप्लायवर २४ व्होल्ट लावून करंटची मर्यादा २ ॲम्पिअर ठेवायची आणि घड्याळाकडे पाहत बसायचं. सुरुवातीला दिवा आणि कुपी तापवायला दीड-पावणेदोन ॲम्पिअर जातो. काही मिनिटांत तो उतरू लागतो आणि अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास स्थिरावतो. ही उतरण म्हणजे यंत्राची नाडी. करंट उतरतच नसेल तर हीटरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल किंवा तापमान सांगणारा थर्मिस्टर तुटला असेल. लगेच बंद करावं, नाहीतर आतली सोल्डर वितळेपर्यंत हीटर चालूच राहील. करंट सुरुवातीपासूनच कमी असेल तर एखादा हीटर आतून तुटलाय. उतरला पण लॉक लागला नाही, म्हणजे क्रिस्टल अणूशी जुळून टिकलं नाही, तर खरा तपास आता सुरू होतो.

लॉक न लागण्याचं सर्वांत वारंवार सापडणारं, आणि सुदैवाने सर्वांत सोपं, कारण म्हणजे क्रिस्टल. अणू सापडेपर्यंत यंत्र क्रिस्टलला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलवत राहतं. क्रिस्टलचं कंट्रोल व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर लावलं की करवतीच्या दातांसारखी संथ लहर दिसते. त्याच वेळी आउटपुट काउंटरवर लावून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा टिपायचा. १,००,००,००० हर्ट्झ हा आकडा ह्या दोघांच्या मध्ये पडायला हवा. वीस-तीस वर्षांत क्रिस्टल इतकं सरकलेलं असतं की सगळा झुला दहा मेगाहर्ट्झच्या एकाच बाजूला राहतो. अणू तिथेच उभा असतो, पण यंत्राचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. फ्रीक्वेन्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या एफई-५६८०ए ह्या डबीत हा दोष प्रसिद्धच आहे. उपाय क्रिस्टलजवळच्या ट्रिमर कपॅसिटरचा: प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या पेचकसाने तो थोडा थोडा फिरवायचा. धातूचा पेचकस जवळ नेला तरी फ्रीक्वेन्सी बदलते, त्यामुळे तो वापरला तर हात काढल्यावर सगळं पुन्हा सरकेल. झुल्याचा मध्य दहा मेगाहर्ट्झवर आला की बहुतेक वेळा पुढच्याच फेरीत लॉक लागतो. लागल्यावर कंट्रोल व्होल्टेज आपल्या पल्ल्याच्या मध्याजवळ आहे ना, ते गरम अवस्थेत पुन्हा पाहायचं. कडेला असेल तर दोन-चार वर्षांत तीच वेळ पुन्हा येणार.

दुसरं कारण दिवा. एलपीआरओमध्ये दिव्याच्या उजेडाचं माप बाहेरच्या पिनवर मिळतं. निरोगी दिव्याला ते साधारण ३ ते १४ व्होल्टमध्ये असतं. तीनच्या खाली गेलं की दिवा थकला. पण थकलेला प्रत्येक दिवा मेलेला नसतो, आणि छंदातला सर्वांत नाजूक भाग इथेच येतो. दिवा म्हणजे शेंगदाण्याएवढा काचेचा फुगा. त्याच्यातलं रुबिडियम वर्षानुवर्षांत सर्वांत थंड जागी जाऊन बसतं. ही जागा कधी कधी नेमकी समोरच्या काचेवर येते, आणि तिथे आरशासारखा करडा पापुद्रा तयार होतो. धातू आहे, पण चुकीच्या ठिकाणी, प्रकाशाच्या वाटेत.

कवच उघडताना ते म्यू-मेटलचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं आहे हे विसरू नये. ते वाकलं, आपटलं की त्याची चुंबकीय क्षमता घटते आणि ती घरी परत आणता येत नाही. दिवा बाहेर काढताना सुती हातमोजे हवेत, कारण बोटांचा घाम गरम काचेवर भाजून पक्का बसतो. ठसा उमटलाच तर अल्कोहोलने पुसायचा. मग हॉट एअर गन कमी तापमानावर लावून, लांबून हळूहळू जवळ आणत, फक्त समोरची काच तापवायची. मागची टोकदार बाजू चिमट्यात धरून थंड ठेवायची. रुबिडियम ३९ अंशांनाच वितळतं, पण त्याची वाफ होऊन जागा बदलायला बरंच जास्त तापमान लागतं. मिनिटभरात पापुद्रा कडेने विरू लागतो आणि मागच्या टोकाशी चंदेरी कण जमताना दिसतात. त्या क्षणी थांबायचं. काच आपोआप थंड होऊ द्यायची, फुंकर घालायची नाही, ओल्या कापडाजवळ न्यायची नाही.

परत बसवून चालू केलं की आधी पूरक वायूचा फिका उजेड दिसतो. काच तापल्यावर तो बदलून गुलाबी-जांभळट होतो. रुबिडियमच्या ज्या दोन रेषा खऱ्या कामाच्या, त्या ७८० आणि ७९५ नॅनोमीटरवर, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या. म्हणून डोळ्यांचा अंदाज इथे फार धरू नये, व्होल्टेजचा आकडाच खरा. आकडा वाढला, पण महिन्याभरात पुन्हा पडला, तर रुबिडियम काचेतच मुरत चाललंय असं समजावं. त्यावर इलाज नाही. दुसऱ्या मृत युनिटमधला दिवा काढून लावणं हाच मार्ग उरतो. दिवा सुधारल्यावर फ्रीक्वेन्सीही बदलते हे ध्यानात ठेवायला हवं, कारण प्रकाश जितका तीव्र तितका तो अणूच्या पातळ्याही किंचित हलवतो. जुनं कॅलिब्रेशन त्या दिवशी रद्द झालं.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) इलेक्ट्रोलिटिक घ्यावेत. टँटॅलमच घालायचा असेल तर प्रत्यक्ष व्होल्टेजच्या दुप्पट रेटिंगचा. सगळे एका दमात बदलण्याच्या मी विरोधात आहे. सप्लाय रेलवरचे आधी बदलावेत, यंत्र चालवून पाहावं, मग पुढचे. एकाच वेळी तीस सांधे गरम केले आणि काही बिघडलं तर दोष जुना की आपला, हे कधीच कळत नाही. हीटरच्या आणि फोटोडायोडच्या सर्किटमधले रेझिस्टर ठरावीक मूल्यांचे, निवडून लावलेले असतात. ते जुने आहेत म्हणून बदलू नयेत. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कपॅसिटर, बीएनसी कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक सगळं मिळतं. दिवा आणि कुपी कुठेच मिळत नाही, म्हणून त्यांना जपायचं.

आपल्याकडे वीज जाते, आणि रुबिडियमला थंड होऊन पुन्हा तापणं मानवत नाही. प्रत्येक वेळी ते नेमक्या जुन्याच आकड्यावर परत येईल असं नाही. एलपीआरओ १९ ते ३२ व्होल्टपर्यंत चालतं ही गोष्ट इथे फार उपयोगी पडते: १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २७.६ व्होल्टवर फ्लोट, म्हणजे सतत चार्जवर, ठेवल्या की वीज गेल्याचं यंत्राला कळतही नाही. वीज नसताना साधारण अर्धा ॲम्पिअर जातो, त्यामुळे ७ ॲम्पिअर-अवरच्या बॅटऱ्यांवर आठ-दहा तास सहज निघतात. चार्जरचा ट्रान्सफॉर्मर मात्र डबीपासून हातभर लांब ठेवावा.

ट्रान्सफॉर्मर लांब का, ह्याचं उत्तर सी-फील्डमध्ये आहे. कुपीभोवती मुद्दाम एक मंद, स्थिर चुंबकीय क्षेत्र ठेवलेलं असतं, ज्यामुळे अणूच्या उपपातळ्या एकमेकींपासून सुट्या होतात आणि यंत्राला हवी ती एकच रेषा पकडता येते. हे क्षेत्र फ्रीक्वेन्सी थोडी वर ढकलतं: रुबिडियममध्ये गाउसच्या (चुंबकीय क्षेत्राच्या एककाच्या) वर्गाला सुमारे ५७४ हर्ट्झ. ०.१ गाउस असेल तर ५.७ हर्ट्झ, म्हणजे दहा अब्जांत आठ. समोरचा बारीक ट्रिमपॉट किंवा ५०६५ए वरची दहा फेऱ्यांची डायल हेच क्षेत्र कमीजास्त करते. वर्गाचं नातं असल्यामुळे डायलच्या वरच्या टोकाला एक घर फिरवलं तर खालच्या टोकापेक्षा जास्त फरक पडतो. आणि क्षेत्र शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे सी-फील्ड फ्रीक्वेन्सी फक्त वर नेऊ शकतं. यंत्र तळाच्या सेटिंगलाही जलद चालत असेल तर डायल पिळून उपयोग नाही. फार कमी क्षेत्रात शेजारच्या रेषा मिसळून लॉक डळमळीत होतो. पृथ्वीचं क्षेत्रही कवचातून थोडं झिरपतं, म्हणून डबी आडवी कॅलिब्रेट केली तर आडवीच ठेवायची.

आता खुद्द कॅलिब्रेशन. साध्या काउंटरवर १० मेगाहर्ट्झ एक सेकंद मोजले की शेवटचा आकडा एक हर्ट्झचा, म्हणजे कोटीत एक. आपल्याला शंभर अब्जांत एक पाहायचंय. म्हणून फ्रीक्वेन्सी मोजायचीच नाही, दोन घड्याळांमधलं अंतर मोजायचं आणि वाट पाहायची. रुबिडियमचे १० मेगाहर्ट्झ एका लहानशा मायक्रोकंट्रोलर डिव्हायडरने भागून सेकंदाला एक पल्स करायची. दुसरी पल्स टायमिंगसाठी बनवलेल्या जीपीएस रिसीव्हरची. टाइम-इंटर्व्हल काउंटर (दोन पल्समधलं अंतर मोजणारा) जीपीएसने सुरू, रुबिडियमने बंद. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे शंभर अब्जांत एक इतकी चूक दिवसाला ८६४ नॅनोसेकंद सरकून उघडी पडते. ह्या छंदात पाठ असायला हवा असा हा एकच आकडा.

समजा सोमवारी सकाळी सात वाजता अंतर ४१२.३६ मायक्रोसेकंद आलं आणि मंगळवारी सातला ४१०.८१. फरक १.५५ मायक्रोसेकंद, भागिले ०.८६४, म्हणजे शंभर अब्जांत १.८. अंतर कमी झालं, म्हणजे रुबिडियमची पल्स लवकर येतेय, म्हणजे ते जलद आहे. सी-फील्ड किंचित खाली.

ह्यात चुका कुठे होतात ते सांगायला हवं. सुरुवातीचं अंतर अर्ध्या-पाऊण सेकंदाचं ठेवलं तर काउंटरच्या स्वतःच्या क्रिस्टलची चूकही मोजमापात शिरते: त्याची चूक कोटीत एक असली तर ०.९ सेकंदाच्या अंतरात ९० नॅनोसेकंद गेले. तेच अंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ठेवलं तर ही चूक नगण्य होते. शून्याला अगदी चिकटूनही ठेवू नये, नाहीतर चार दिवसांत पल्स ओलांडून जाते आणि काउंटर एकदम जवळजवळ पूर्ण सेकंद दाखवू लागतो. रिसीव्हरला आधी दिवसभर आपली जागा ठरवू द्यावी आणि मग स्थिर-जागा मोडमध्ये टाकावं. अँटेना गच्चीवर, आकाश मोकळं दिसेल अशी. गॅलरीच्या ग्रिलला बांधलेली अँटेना समोरच्या इमारतीवरून परतलेले सिग्नलही खाते. रिसीव्हरची पल्स त्याच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यांवरच उमटू शकते, त्यामुळे ती प्रत्येक सेकंदाला दहा-वीस नॅनोसेकंद इकडेतिकडे होते. शंभर-शंभर सेकंदांची सरासरी घेतली की बरीचशी निवळते.

महाराष्ट्रात बसून मोजणाऱ्याला आणखी एक अडचण आहे, जी युरोपातल्या छंदिष्टाला एवढी जाणवत नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित थर) दुपारी फार दाट होतो, आणि आपण त्या पट्ट्यात येतो. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या रिसीव्हरला दुपारचे सिग्नल उशिरा पोचतात, आणि रुबिडियम दुपारी पळतंय, रात्री रेंगाळतंय असा भास होतो. म्हणून एका दिवसाची दुपार आणि त्याच दिवसाची रात्र ह्यांची तुलना करू नये. आज सातची उद्या सातशी, शक्यतो पहाटेची पहाटेशी. दिवसाअखेर दहा नॅनोसेकंदांपर्यंत खात्री मिळाली तर चूक दहा हजार अब्जांत एकच्या घरात आली. घरच्या टेबलावर ह्याहून अधिक काय हवं! खोलीचं तापमान सांभाळलं नाही तर ह्यातलं काहीच दिसत नाही. डबीवर थेट पंख्याची झुळूक नको. प्लेटसकट तिला थर्माकोल न लावलेल्या, झाकण असलेल्या लाकडी खोक्यात ठेवावं, म्हणजे उष्णता हळूहळू बाहेर पडेल आणि झोत लागणार नाही.

सीझियमचा मोह प्रत्येकाला कधी ना कधी होतो. सेकंदाची व्याख्याच १९६७ पासून सीझियम-१३३ च्या ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झवर आहे, आणि ५०६१ए आपली खात्री शंभर अब्जांत एकपर्यंत स्वतःच देतं, कुणाशी जुळवून न घेता. तिथे अणू बाटलीत अडकलेले नसतात. निर्वात नळीतून झोताने मोकळे उडत जातात. पण ह्या नळीत सीझियमचा साठा मोजका असतो, आणि तो संपला की घरी भरता येत नाही. विकत घेण्याआधी ‘बीम करंट’ (अणूंच्या झोताचा सिग्नल) आणि ‘आयन पंप’ (नळी निर्वात ठेवणारा पंप) ह्या दोन सेटिंगवर मीटर काय दाखवतो त्याचा फोटो मागवावा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तीस किलोचं शोभेचं खोकं घरी येणार हे नक्की.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या नळीत थोडा वायू साचतो. तिचा ओव्हन (सीझियम तापवणारा भाग) आधी लावला तर गरम भाग खराब होतात. म्हणून आधी फक्त आयन पंप, करंट मर्यादित ठेवून. पंपाचं व्होल्टेज साडेतीन हजारांच्या आसपास असतं. एक हात खिशात ठेवूनच मोजमाप करावं आणि बंद केल्यावर कपॅसिटर उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. सुरुवातीचा करंट काही तासांत, कधी काही दिवसांत खाली येतो. तो तळाला जाऊन टिकला की मग ओव्हन. साठवून ठेवलेल्या नळीलाही काही महिन्यांनी पंप चालवून द्यावा लागतो. ह्यातलं सी-फील्ड जुळवायची पद्धत मात्र सुंदर आहे. शेजारच्या झीमन रेषेपर्यंतचं (चुंबकीय क्षेत्राने सुट्या झालेल्या रेषेपर्यंतचं) अंतर दर गाउसला सुमारे ७०० किलोहर्ट्झ असतं, म्हणजे बाहेरून ४२ किलोहर्ट्झ सोडून बीमचा प्रतिसाद शिखरावर आला की क्षेत्र ६० मिलिगाउस आहे हे अणूनेच सांगितलं. त्यावरून फ्रीक्वेन्सी १.५ हर्ट्झ वर सरकलीय हे कागदावर काढता येतं, आणि यंत्राचा सिंथेसायझर (फ्रीक्वेन्सी घडवणारा भाग) तेवढा फरक आधीच धरून बनवलेला असतो.

ही जुनी यंत्रं सांभाळावीत असं मला मनापासून वाटतं ते एवढ्यासाठी की तीच विद्या आजही आकाशात फिरते आहे. आपल्या ‘नाविक’ ह्या दिशादर्शन मालिकेतल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली आणि तो उपग्रह दिशादर्शनाच्या कामातून गेला. २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडवलेलं पहिलं स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवलं होतं. दिवा, कुपी, फोटोडायोड, सी-फील्ड. टेबलावरची डबी उघडून ज्याने हे चार भाग पाहिले आहेत, त्याला त्या बातमीचं मोल वेगळंच कळतं.

कॅलिब्रेशन झाल्यावर लोकांचा हात सतत सी-फील्डकडे जातो. माझं मत उलट आहे. चूक किती आहे हे माहीत असेल तर ती वहीत लिहून हिशेबात धरावी. डायल फिरवली की कवचात थोडं चुंबकत्व मागे राहतं आणि पुढचे दिवस ते विरण्यात जातात. चांगल्या अवस्थेतलं युनिट महिन्याला शंभर अब्जांत पाचाच्या आत सरकतं, आणि बहुधा एकाच दिशेने. वहीत रोज एक ओळ: तारीख, वेळ, अंतर, खोलीचं तापमान, दिव्याचं व्होल्टेज, क्रिस्टलचं कंट्रोल व्होल्टेज, वीज गेली असेल तर तसं. हवेचा दाबही लिहिला तर उत्तम. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की काही रुबिडियम कुप्या त्याची दखल घेतात. तीन महिन्यांनी ह्या ओळींतून सरळ रेष काढता येते, आणि पुढच्या महिन्यात यंत्र कुठे असेल ते आधीच सांगता येतं. डबी हलवली, दिवा काढला किंवा ती रात्रभर बंद राहिली, तर नवं पान सुरू करावं. त्या पानावरचे पहिल्या तीन दिवसांचे आकडे लिहायचे, पण रेष काढताना धरायचे नाहीत.